पसंतीला आणलेला कॅचर

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. कॉव्हेंट्री

या देशात सत्तावीस वर्षं काढली. एका नळाला उकळतं आणि दुसऱ्या नळाला बर्फाचं पाणी सोसलं. नुसत्या उकडलेल्या कोबीला लोक भाजी म्हणतात, तेही सोसलं. जूनमध्ये स्वेटर घालून 'काय सुंदर उन्हाळा' म्हणायला शिकले. पण सहनशक्तीला तळ असतो आणि तो आज सकाळी लागला. बाटल्यांची झाकणं आता बाटलीला जन्मभरासाठी जोडलेली असतात. फिरवून उघडलं तरी झाकण जात नाही. माहेरी मुक्काम ठोकलेल्या नणंदेसारखं बाजूला लटकतं आणि काही ओतायला गेलं की धारेत तोंड घालतं. अर्धा ग्लास संत्र्याचा रस ओट्यावर गेला, उरलेला माझ्या बाहीत.

"उपटून टाक की," सतीश म्हणाला. हा इंजिनियर. उपटलं. मग बाटली हातातून सुटली.

सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. "कात्री आणू का गं?" त्यांनी विचारलं. आईंचं असं आहे. स्वभावाने भोळ्या, पण प्रश्न मात्र नेमका उशिरा विचारतात.

एवढ्या अन्यायाची भरपाई म्हणून की काय, संध्याकाळी मला भिशी लागली. आम्ही बारा जणी, महिन्याला प्रत्येकीचे पंचाहत्तर पौंड, चिठ्ठी निघेल तिला नऊशे. हे पैसे खरं तर आपलेच असतात, पण अकरा बायकांच्या पर्समधून फिरून आल्यामुळे नवेकोरे वाटतात. वैजयंतीताईंनी भिशी सुरू केली तेव्हाच कायदा केला: पैसे त्या बाईने स्वतःवरच खर्च करायचे आणि पुढच्या भिशीला वस्तू सगळ्यांना दाखवायची. कायदा उत्तम आहे. आतापर्यंत बायकांनी स्वतःवर खर्च करून एअर फ्रायर, मुलाचा फुटबॉल कॅम्प आणि गटारीची दुरुस्ती घेतली आहे.

पुढची भिशी दहा नोव्हेंबरला माझ्याकडे.

"तू काय घेणार?" रश्मीने विचारलं.

"कार्डं," मी म्हणाले.

"अजून तुझं ते खूळ आहे?" वैजयंतीताई म्हणाल्या. हसल्या सगळ्याच. मीही हसले. मी नेहमी आधी हसते, म्हणजे दुसऱ्यांना फार काम उरत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

खुळाचा इतिहास लिहून ठेवायला हवा.

अकरा वर्षांपूर्वी एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून घरचं जुनं सामान विकतात तिथे, मी तीन पौंडांना बुटांचा एक खोका घेतला. आत जुनी कार्डं, कार्डांवर बॅट घेतलेली माणसं. मला वाटलं क्रिकेट. घरी आणून टेबलावर पसरली तर सतीश म्हणाला, "अगं, यांच्या बॅटी गोल आहेत." लेक ईरा तेव्हा आठ वर्षांची, ती जमिनीवर लोळून हसली. मी अतिशय गंभीरपणे म्हणाले, "माहीत आहे मला. मी बेसबॉलचीच गोळा करणार आहे."

चूक कबूल करण्यापेक्षा छंद लावून घेणं स्वस्त पडेल असा माझा हिशोब होता. पडलं नाही. आता मला बेसबॉलचे सगळे नियम येतात, जो खेळ मी प्रत्यक्ष एकदाही पाहिलेला नाही. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या घशातले जंतू बघायचे आणि घरी येऊन १९५४ सालच्या एका संचातली माणसं ओळीने लावायची. यातला फरक ईराने ग्लासगोहून फोनवर सांगितला: "आई, जंतूंचे तुला पैसे मिळतात."

त्या संचात अजून तेवीस कार्डं कमी आहेत. नऊशे पौंडांत बहुतेक सगळी येतील. शहाण्या बाईने भोकं बुजवावीत.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आईंनी गाडीला, सतीशच्या लॅपटॉपला आणि चहाच्या किटलीला हळद-कुंकू लावलं. माझं शस्त्र म्हणून मायक्रोस्कोप हवा होता, तो घरी नाही, तर लॅबच्या बॅजवर बोट टेकवलं. बॅजवरच्या माझ्या फोटोला आता कपाळाच्या जरा वर कुंकू आहे. कालच्यापेक्षा बरी दिसते.

मग आई कार्डांकडे वळल्या. हे जुलैपासून चाललंय. त्या आल्या तेव्हा इथे दिवस मोठे होते, बागेत बसायच्या. आता सहालाच अंधारून यायचे दिवस आले, म्हणून मी त्यांना खोका देते. त्यांनी मिरजेला अठ्ठावीस वर्षं वधू-वर सूचक मंडळाचं रजिस्टर सांभाळलं. बेसबॉल कार्ड उलटं केलं की मागे काय असतं? उंची, वजन, जन्मतारीख, गाव. फक्त गोत्र नाही. आईंना इंग्रजी बोलता येत नाही, पण एवढं वाचता येतं. त्यांनी माझी नंबराप्रमाणे लावलेली कार्डं मोडून आपल्या पद्धतीने लावली आहेत. एक गठ्ठा 'लगेच जुळेल'. दुसरा 'जरा समजूत काढावी लागेल'. तिसऱ्यात अकराजण आहेत, त्यांना नाव नाही. नुसतं "असू देत बिचारे" म्हणून रबर लावून ठेवलंय.

मी चिडले. मग तिसरा गठ्ठा बघितला. अकराही जणांच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज चर्चच्या हॉलमध्ये महिन्याचा कार्डांचा बाजार. मिस्टर हॉलिस नेहमीच्या कोपऱ्यात. वय पंचाहत्तर, आयुष्य मोटारींच्या कारखान्यात, दोन्ही गुडघे नवे आणि स्वेटर जुना. मला पाहून त्याने टेबलाखालून काहीतरी काढलं आणि म्हणाला, "हा आलाय. म्हटलं आधी तुला दाखवावा."

ऑरिन पिकेट. कॅचर. म्हणजे आपला विकेटकीपर, पण जास्त मार खाणारा. जुन्या कार्डांवरची माणसं फोटोला असा चेहरा करतात की जणू पोलीस ठाण्यात उभं केलंय. हा मात्र हसतोय. तोंडावरची जाळी डोक्यावर सरकवलेली, पुढचा एक दात गायब, आणि फोटो काढणाऱ्याने नेमकं काहीतरी वात्रट सांगितल्यासारखा खळखळून हसतोय. मी हॉलच्या मधोमध उभी राहून एकटी हसले. लोकांनी बघितलं.

"किती?"

"आठशे पन्नास."

हसू थांबलं. हा गडी माझ्या संचातला नाही. म्हणजे एकही भोक बुजणार नाही आणि पैसे संपणार.

"घरी ने," हॉलिस म्हणाला. "आठवडाभर ठेव. याच्याबरोबर राहता येतं का बघ. पुढच्या शनिवारी माझ्या घरी ये, एकतर पैसे आण नाहीतर याला आण. रविवारी ग्लासगोचा एक डॉक्टर येणार आहे, तो न बघता घ्यायला तयार आहे."

ना पावती, ना सही. आठशे पन्नासची वस्तू माझ्या पर्समध्ये, टिश्यूच्या पाकिटाशेजारी.

२७ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली. त्या फुकटच्या तासात आम्ही तिघांनी पिकेटकडे बघितलं.

कार्ड जाड पारदर्शक डबीत आहे, चार कोपऱ्यांना चार बारीक स्क्रू. आईंनी चष्मा पुसून डबी हातात घेतली, उलटी केली, आतलं वाचलं.

"पाच फूट नऊ. वजन जरा जास्ती आहे. हे काय लिहिलंय, खेळ नसताना काय करतो?"

"लाकडाच्या वखारीत काम."

"कष्टाळू आहे." डबी पुन्हा सुलटी केली. "दात पडलाय तो लपवला नाही फोटोत. आमच्याकडे मुलं टकलावर टोपी घालून फोटो द्यायची. हे प्रामाणिक स्थळ आहे उल्का. कितीला आहे?"

मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले असणार, कारण थोडा वेळ ओठ हलत होते.

"आणि घ्यायलाच हवं असं नाही," मी घाईने म्हणाले. "पसंतीला आणलंय."

"असं होय." त्या खुलल्या. "मिरजेचे दुकानदार पसंतीला साड्या घरी पाठवायचे तसं? आणि इथे गोरे लोक देतात?"

"एकच देतो."

"मग आवडलंय का तुला?"

"विचार करते."

आईंनी डबी टेबलावर उभी करून ठेवली. जरा वेळाने म्हणाल्या, "मंडळात एखादी मुलगी 'विचार करते' म्हणाली ना, की आम्ही ओळखायचो. पसंत आहे, फक्त लोक काय म्हणतील ते आडवं आलंय. मग आम्ही तिला फार विचारायचो नाही. साखरपुड्याची तारीख काढून मोकळे."

जुन्या गोष्टी सांगायची त्यांना हौस आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सतीशने तक्ता केला आहे. एका बाजूला तेवीस कार्डं, एका बाजूला पिकेट. खाली फायदे, तोटे, पाच वर्षांनी किंमत. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलंय, 'उल्काला काय वाटतं?' आणि रकाना रिकामा. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा रकाना त्याने पहिल्यांदाच काढला, आणि नेमका तेव्हा मला भरता येईना.

रश्मीचा फोन. वैजयंतीताईंनी म्हणे सगळ्यांना सांगितलंय की दहा तारखेला उल्काकडे पुठ्ठ्याचं प्रदर्शन आहे. "तेवीस कार्डं तरी दिसतील गं टेबलावर," रश्मी म्हणाली. "एकच म्हणजे… एअर फ्रायर निदान मोठा होता."

हे मलाही पटलं. तेवीस कार्डांना 'संच पूर्ण केला' म्हणता येतं. त्यात कर्तव्य आहे. एका हसणाऱ्या माणसासाठी आठशे पन्नास पौंड, याला काय म्हणणार? 'मला आवडला' हे बावन्न वर्षांच्या बाईने अकराजणींसमोर म्हणायचं?

आई भाजणी मळत होत्या. त्यांना मी सहज विचारलं, "तुम्ही कधी पसंतीला आणलेलं परत केलंत का?"

"एकदा. मनगटी घड्याळ. पहिल्या पगाराचं. एवढीशी तबकडी होती, तांदळाच्या दाण्याएवढे आकडे. मामंजी म्हणाले, भिंतीवर आहे की घड्याळ."

"मग?"

"मग काय. चार दिवस हातात होतं, दिलं परत. घड्याळवाला देताना म्हणाला होता, बाई, जपून वापरा, तेलाचा डाग जरी पडला तरी परत घेणार नाही, मग ते तुमचं." त्यांनी सोऱ्यात गोळा भरला. "मी इतकं जपलं, इतकं जपलं. स्वयंपाक करतानासुद्धा काढून ठेवायची. मूर्ख."

आणि हसल्या. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या घड्याळाचं त्यांना काही वाटत नसणार. चकल्या मात्र आज जरा जास्त कडक झाल्या.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं. परत करणार. शनिवारी सकाळी दहाला हॉलिसच्या घरी.

निर्णय घेतल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही, पण ते बहुधा चकल्यांमुळे. जेवताना घरात जाहीर केलं. भोकं बुजवणार, संच पूर्ण करणार, पिकेटने ग्लासगोला जावं, तिथे डॉक्टर आहे, दाताचंही बघेल. सतीशला हसू आलं नाही. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हणाले, "मी काय लहान आहे?"

दारावर हॅलोवीनची पोरं आली, भुतांचे कपडे घालून. आईंनी त्यांना करंज्या दिल्या. एक चेटकीण करंजी खाऊन पुन्हा आली आणि या वेळी आपल्या आईला घेऊन आली.

झोपायला जाताना आईंनी विचारलं, "शनिवारी परत द्यायचं म्हणजे उद्या आहे ना ते घरात?"

"आहे की."

"उद्या लक्ष्मीपूजन. घरात आलेल्या वस्तूची पूजा करतात."

"करा की, आई. सगळ्याचीच करा."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाईट वाटलं असावं, पिकेट जाणार म्हणून. म्हातारपणी माणूस कशालाही जीव लावतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

आजचं आजच लिहून ठेवते.

लॅबमधून सहाला आले. पाटावर लक्ष्मी, नाणी, केरसुणी, गाडीची किल्ली, ईराने पाठवलेला शंभर पौंडांचा चेक. आणि मधोमध, विड्याच्या पानावर, ऑरिन पिकेट. डबीबाहेर. उघडा. कार्डाच्या खालच्या पांढऱ्या कडेवर, नावाच्या बरोबर शेजारी, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट.

मी बॅग खाली ठेवली. बॅगेवरच बसले.

"आई."

"काय गं?"

"तुम्ही डबी उघडलीत."

"प्लॅस्टिकला कोणी कुंकू लावतं का? वस्तूला लागायला हवं."

"चार स्क्रू होते त्याला."

"होते की." देवाशेजारी छोट्या वाटीत चारही स्क्रू, आणि वाटीला टेकून सतीशचा चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर. तो खुद्द सतीशला दोन वर्षं सापडत नव्हता. "हात धुऊन, कोरडे करून काढलं हो मी. चेहऱ्याला लावलं नाही. कडेला जागा होती, तिथे लावलं."

सत्तर वर्षं जपलेलं कार्ड. एक घडी नाही, एक डाग नाही. आता त्यावर कॉव्हेंट्रीच्या भारतीय दुकानातलं नव्वद पेन्सचं कुंकू.

"आता हे परत कसं देणार?" माझा आवाज फाटला.

"परत नाही का देता येणार?" आईंनी विचारलं. इतक्या निरागसपणे, की मला ओरडताच येईना. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला कार्डांच्या बाजाराची काय कल्पना असणार? सतीश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि छताकडे बघत होता. धक्का बसला की त्याचं असंच होतं.

मी पिकेटकडे बघितलं. तो हसतच होता.

मग जे झालं त्याची मला लाज वाटते. मला आधी राग यायला हवा होता, मग काळजी वाटायला हवी होती. त्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं, लहानपणी परीक्षा पुढे ढकलल्यावर वाटायचं तसं. आता घ्यावंच लागणार. प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. माझ्या हातात काही राहिलंच नाही.

आरती मी जरा मोठ्याने म्हटली.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

आईंना सोबत घेऊन हॉलिसकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी चूक केली, मीच येते." मला भरून आलं.

हॉलिसने चष्मा वर करून कार्ड खिडकीशी नेलं. कडेवरचे दोन्ही ठिपके नीट पाहिले. मी सगळं सांगितलं: सण, पूजा, लाल ठिपका, दिलगिरी, आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"आठशे पन्नास मी घेणार नाही," तो म्हणाला. "याला डाग आहे. डागाच्या कार्डाला मी तीनशे सांगतो."

"डाग आम्ही पाडला. आठशे पन्नास."

"चारशे."

"ग्लासगोच्या डॉक्टरने आठशे पन्नास दिले असते ना? मग मीही तेवढेच देणार."

"सहाशे. त्याच्यावर नाही."

आई कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. आकडे त्यांना इंग्रजीत कळतात. शेवटी माझा पदर नसलेला कोट ओढून म्हणाल्या, "अगं, तो कमी करतोय आणि तू वाढवतेस? शुद्धीवर आहेस ना?"

"आई, मला बोलू द्या."

"बोल बाई. अठ्ठावीस वर्षांत वरपक्षाने हुंडा नको म्हटलेला पाहिला, पण मुलीकडच्यांनी 'नाही, घ्याच' म्हणून दम दिलेला नाही पाहिला."

मी पैसे मोजले तर आठशे चाळीस निघाले. साठ फराळाच्या सामानात गेले होते, हे मी विसरलेच होते. हॉलिसने लगेच पाकिटावर हात ठेवला. "आठशे चाळीस. झालं. आता एक शब्द बोललीस तर सगळे परत करीन."

"दहा द्यायचे राहिले."

"नाही राहिले."

राहिले आहेत. या माणसाने ना सही घेतली, ना आवाज चढवला, वर आईंना गुडघ्यांसाठी उशी आणून दिली. त्याचे दहा पौंड मी बुडवणार नाही.

निघताना मी गाडी काढायला गेले तेव्हा त्या दोघांचं दारात काहीतरी चाललं होतं. आई बोटाने कपाळाला ठिपका दाखवत होत्या, मग हवेत कार्ड, मग 'नाही नाही' असा हात. हॉलिस हसून हसून दाराला धरून उभा होता. माफी मागत असतील. आईंचं इंग्रजी एवढंच: थँक्यू, सॉरी आणि नो बीफ.

१० नोव्हेंबर, रविवार

भिशी झाली. लिहायला हवं, कारण उद्यापर्यंत मला खोटं वाटायला लागेल.

मी मनातल्या मनात तीन विनोद तयार ठेवले होते, स्वतःवरचे, आधी हसायला. पण मी तोंड उघडायच्या आत आई ताट घेऊन आल्या. ताटात रुमाल, रुमालावर पिकेट, डबी बंद, चारही स्क्रू घट्ट. मुलगी दाखवायला आणतात तशा चालीने.

"हा कोण?" वैजयंतीताईंनी विचारलं.

"हे आमच्या उल्काने घेतलं," आई म्हणाल्या. "पाच फूट नऊ. वखारीत काम करतो. कॅचर आहे."

"म्हणजे काय?"

आणि आईंनी सांगितलं. कॅचर म्हणजे काय, जाळी कशाला, खुणा कशा करतात, बोटांनी दाखवून. सगळं बरोबर. हे मी त्यांना कधी शिकवलं? बहुतेक भाज्या निवडताना बडबडत असेन.

ताट फिरायला लागलं. रश्मीने बघितलं आणि तिला हसू आलं. तिच्या शेजारच्या तनूला रश्मीच्या हसण्याने आलं. ताट तिसऱ्या बाईकडे जाईपर्यंत पाच जणी हसत होत्या, आणि या वेळी कुणीच मला हसत नव्हतं. हा माणूस ज्या विनोदावर हसला तो आम्हाला कुणालाच माहीत नाही, तरी त्याने बारा बायकांना कामाला लावलं. वैजयंतीताईंनी ताट मांडीवर बराच वेळ ठेवलं.

"किती गं?"

"आठशे चाळीस," मी म्हणाले. विनोद केला नाही. "मला आवडला."

दोन शब्द. म्हटले आणि छत कोसळलं नाही.

"मी गेल्या वर्षीचे बॉयलरला घातले," वैजयंतीताई म्हणाल्या. मग, कुणाकडेच न बघता: "मला खरं म्हणजे तबला शिकायचा होता."

"विकलं तर किती येतील याचे?" तनूने विचारलं.

"विकायचं नाही," आई म्हणाल्या. "कुंकू लागलंय."

३० नोव्हेंबर, शनिवार

आई पुढच्या रविवारी, आठ डिसेंबरला, परत जाणार, म्हणून आज बाजारात त्यांना घेऊन गेले. त्यांनी हॉलिसचा दहा पेन्सचा खोका अर्ध्या तासात तीन गठ्ठ्यांत लावला. त्याने विचारलं, हे कुठल्या पद्धतीने. मी सांगितलं. त्याने तिसऱ्या गठ्ठ्यावर पाटी लिहून ठेवली, 'असू देत बिचारे' याचं इंग्रजी, आणि त्यातली चार कार्डं तिथल्या तिथे विकली गेली.

"तुझ्या सासूबाईंची रीत मला फार आवडली," तो मला म्हणाला. "ठिपका लावला की परत नाही. त्यांनी सांगितलं मला सगळं. चाळीस वर्षं लोकांना विचार करायला वस्तू देतोय, हे कुणाला सुचलं नव्हतं."

मी हसून मान हलवली. आईंनी खुणांनी सॉरी म्हटलं आणि याने त्यातून केवढं तत्त्वज्ञान काढलं. इंग्रज माणसांना पूर्वेकडच्या गूढ गोष्टींचं भारी आकर्षण. त्याचा गैरसमज मी दूर केला नाही. म्हातारा खूश होता.

दहाची नोट सकाळपासून मुठीत होती. दिली असती तर त्याने घेतली नसती, आणि पुन्हा घासाघीस सुरू झाली असती, उलट्या दिशेने. त्याची पैशांची पत्र्याची डबी टेबलाच्या कडेला उघडी होती, नोटांवर रबर. हॉलिस आईंना एका पिचरची, म्हणजे गोलंदाजाची, उंची वाचून दाखवत होता. मी वाकले, रबर उचललं, नोट आत सरकवली, रबर सोडलं.

मान वर केली तर आई माझ्याकडेच बघत होत्या. हॉलिस वळणार, एवढ्यात त्यांनी खांद्यावरची शाल काढून चांगली पसरून झटकली आणि पुन्हा अंगाभोवती घेतली, त्यामुळे मी आणि डबी काही क्षण त्याला दिसेनाशा झालो. हॉलमध्ये हीटिंग व्यवस्थित चालू होतं. पण या वयात थंडी वाजतेच.